बेवारस मयताचे वारसदार

महाड-पोलादपूरच्या माणसानं नागपूरकडच्या थडग्यांवर लिहावं, हा काहींना आगाऊपणा वाटेल. वाटू दे. समाधी, चौथरा, छत्री, स्मारक या विषयात आम्हा महाडकरांचा हात धरणारा उभ्या महाराष्ट्रात कोणी नाही. रायगड आमच्या तालुक्यात. तिथल्या वाघ्या कुत्र्याचा पुतळा 2012 च्या ऑगस्टमध्ये उखडला गेला, मग परत बसवला गेला, आणि 2025 मध्ये तो हलवा म्हणून पुन्हा पत्रं गेली, पुन्हा दोन्हीकडच्या बाह्या वर सरल्या. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. कुठल्या चौथऱ्यावर कोणाचा हक्क, यावर आमच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर जेवढं शास्त्रोक्त भांडण होतं, तेवढं विद्यापीठाच्या परिषदेत होत नसेल.

तेव्हा अधिकारानं सांगतो. आपल्याकडे मेलेल्या माणसाची पत ठरते ती तो कोणाचा यावरून. नाव, घराणं, जात, पक्ष यांपैकी एक तरी त्याच्या गाठीला हवं. ज्याच्या गाठीला यातलं काहीच नाही, तो बेवारस. बेवारसाचं आपण काय करतो हे पाहायचं असेल तर विदर्भातली शिळावर्तुळं पाहा.

जुनापाणी नागपूरहून काटोल रस्त्यानं फार लांब नाही. माळावर काळे धोंडे गोलाकार मांडलेले, आतला भाग किंचित फुगीर. वरवर पाहणाऱ्याला ते शेत साफ करताना बाजूला लोटलेले दगड वाटतील. आत गोटे, मुरूम आणि कुठून तरी मुद्दाम आणून ओतलेली काळी माती यांचा भराव असतो. तो उपसत खाली गेलं की मडकी लागतात, आतून काळी आणि बाहेरून तांबडी. लोखंडाच्या चपट्या कुऱ्हाडी सापडतात. पातं दांड्याला आवळायला त्यांच्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या मारलेल्या असतात. छिन्न्या, तासण्या, तांब्याच्या मुठीचे खंजीर, पांढरी नक्षी काढलेले कार्नेलियनचे तांबूस मणी, तांब्याच्या घंटा. माहूरझरीला तर घोडा मारून पुरलेला, आणि त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज. माणसाची हाडं असतात, पण अख्खा सांगाडा क्वचित. बऱ्याचदा आधी दुसरीकडे ठेवलेली हाडं नंतर गोळा करून आणलेली. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमाहरी, बोरगाव, खैरवाडा अशी ही यादी नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरपर्यंत पसरते. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. म्हणजे रायगडावर पहिला चिरा बसायच्या दोन हजार वर्षं आधी एका समाजानं आपल्या माणसांसाठी टनावारी धोंडे ओढून आणले, आणि आज त्या समाजाचं नावसुद्धा आपल्याकडे नाही.

नाव नाही म्हणून तर सगळ्यांची सोय झाली.

पहिला दावा गावकऱ्यांचा. ही वर्तुळं गवळी राजांची, असं नागपूरकडे सांगत. त्यात वावगं काही नव्हतं. गाव आपल्या परीनं हिशेब लावतं. मग साहेब आले. 1863 मध्ये स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी आणि भूगर्भशास्त्राचे जाणकार, मध्य प्रांताचा कारभार पाहणाऱ्या रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले. 4 सप्टेंबरला परतताना रात्री ओढ्याच्या पुरात बुडून गेले. छावणीत त्यांचा घोडा तेवढा रिकामा परतला. आज नागपुरात हिस्लॉप कॉलेज कोणाला विचारायचं, हा प्रश्न पडत नाही. ते ज्या दगडांसाठी गेले होते ते कुठे आहेत, हा प्रश्न त्याच कॉलेजच्या फाटकावर विचारून पाहावा.

मग रिव्हेट-कार्नॅक. हे गृहस्थ सरकारी हुद्द्यानं कापसाचे कमिशनर. कापसाच्या हंगामातून सवड काढून त्यांनी जुनापाणीला वर्तुळं खोदली आणि 1879 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. धोंड्यांवर ओळीनं कोरलेल्या छोट्या वाटीसारख्या खळग्या त्यांनी पाहिल्या, आणि त्यांना लगेच स्कॉटलंड आठवलं. तिकडे क्लोरोफॉर्मवाले डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी तशाच खळग्यांवर पुस्तक लिहिलं होतं. झालं. काटोल रस्त्यावरच्या माणसाचं नातं एडिंबरोशी जुळलं. त्याआधी सुरपूर संस्थानात मेडोज टेलर, तेच ठगांवर कादंबरी लिहिणारे, यांनी जेवर्गीला दगडांच्या राशी खणल्या होत्या. टेलर यांचा हात खरोखर चांगला होता. थर कसे पडलेत, हाडं कुठे, मडकं कुठे, हे त्यांनी उभा छेद काढून दाखवलं. त्या काळात आपल्याकडे कोणी असं करत नव्हतं. पण निबंधाला नाव दिलं ते सिथियन आणि ड्रुइड लोकांचं. डोळ्यांसमोर मातीचे थर स्पष्ट दिसत असताना माणूस वेल्सच्या पुरोहितांकडे धावतो. गंमत अशी की इंग्लंडमधलं स्टोनहेंजसुद्धा ड्रुइडांचं नाही, ते त्यांच्या हजारो वर्षं आधीचं. म्हणजे उसना आणलेला वारस मुळातच तोतया होता.

साहेब गेले, दावे थांबले नाहीत. 1973 मध्ये फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी या थडग्यांचं मूळ आर्यांकडे नेणारा निबंध लिहिला. 1974 मध्ये लॉरेन्स लेश्निक यांनी भलामोठा ग्रंथ लिहून यांना भटके पशुपालक ठरवलं. आपल्याकडे कोणी द्रविड म्हटलं, कोणी घोडा दिसला की वैदिक म्हटलं. घोडा हे प्राणीशास्त्रातलं जनावर राहिलंच नाही, ते राजकारणातलं झालं. आणि प्रत्येकाच्या हातात पुरावा म्हणून काय होतं? तीच कुऱ्हाड, तेच मणी, तोच घोड्याचा साज. थडग्यातून निघालेलं सामान.

आता जरा विचार करा. उद्या दोन हजार वर्षांनी कोणी आमच्या महाडचा अंदाज फक्त स्मशानावरून बांधायला निघालं, तर त्याला काय कळेल? इथे मिठाचा, तांदळाचा बाजार होता, सावित्रीच्या पुरात बाजारपेठ किती वेळा बुडाली, 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला माणसांना सत्याग्रह करावा लागला, यातलं काहीही नाही. मेलेल्याबरोबर जे ठेवतात ते निवडून ठेवलेलं असतं. त्यावरून शोककर्त्यांचा थाट कळतो. सकाळी उठून ते काय करत होते ते कळत नाही.

शंभर वर्षं हे कोणाच्या डोक्यात नीट शिरलं नाही, कारण वर्तुळात हमखास काहीतरी चमकणारं निघायचं आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात खापरं आणि राख. ते शिरलं ते नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांच्या. 1968-69 मध्ये त्यांनी खाप्याची वर्तुळं खणली, आणि त्याचबरोबर टाकळघाटचं वस्तीचं टेकाडही खणलं. मेलेले एकीकडे, जिवंत एकीकडे, दोन्ही एकाच अहवालात. तो अहवाल 1970 मध्ये छापून आला. माहूरझरीचं उत्खनन 1972 ला संपलं, अहवाल 1973 ला हातात. या तारखा मी मुद्दाम देतोय. आजच्या पुरातत्त्ववाल्यांनी त्या भिंतीवर लावून ठेवाव्यात.

पुढे नायकुंडला, पेंच नदीच्या काठी, देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली. विटांची भट्टी, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या, आणि लोखंडाची मळी. मळी म्हणजे भट्टीतला टाकाऊ चोथा. कोणत्याही संग्रहालयाच्या काचेत ती शोभत नाही, तिच्यासमोर कोणी सेल्फी काढत नाही. पण थडग्यातल्या शंभर कुऱ्हाडींनी जे सांगितलं नव्हतं ते त्या चोथ्यानं सांगितलं: कुऱ्हाड बाहेरून आली नव्हती, ती इथेच, याच खनिजातून, याच लोकांनी बनवली होती. वस्तीच्या मातीत धान्याचे जळके दाणे मिळाले, गहू, जव, भात, मसूर. घोड्यावर बसून कुठून तरी धुरळा उडवत आलेले भटके एका झटक्यात भट्टी लावणारे, पेरणी करणारे, घर शाकारणारे लोक झाले. या थडग्यांचा खरा नवा अर्थ लागला तो असा, उकिरडा उपसून. त्यात कोणाचा वंश सिद्ध झाला नाही, म्हणून त्याचा गाजावाजाही झाला नाही.

जुनापाणीच्या खळग्यांकडे अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्यानं पाहिलं. खळग्यांचे धोंडे वर्तुळात कुठेही नाहीत, ठरावीक दिशांना आहेत, असं त्यांनी मोजून दाखवलं आणि आकाशाशी, ऋतुचक्राशी संबंध असू शकेल असं सुचवलं. माणसं शहाणी आहेत. ‘असू शकेल’ म्हणाली. आपल्याकडे ‘असू शकेल’ वेशीपाशी थांबतं आणि गावात ‘आहेच’ शिरतं. मग वर्तुळाची वेधशाळा होते, वेधशाळेची वेदशाळा व्हायला किती वेळ?

हे सगळं नागपूरकरांना हसण्यासाठी सांगत नाही. आमचीच एक गोष्ट ऐका. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडची काही उत्साही पोरं मला पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका ओसाड वाडीवर घेऊन गेली. ‘सर, शिळावर्तुळ सापडलंय. पाच हजार वर्षांपूर्वीचं.’ ड्रोन उडाला. खरोखर वर्तुळ होतं. कमरेच्या खाली भरतील असे धोंडे गोल लावलेले, आतली जमीन चोपून सपाट केलेली, आणि बरोब्बर मध्ये दगडांनी बांधून काढलेला हातभर खोल खड्डा. ‘हे यज्ञकुंड,’ एकजण म्हणाला. दुसऱ्याचं मत खांबाच्या सावलीवर काळ मोजण्याचं पडलं. तेवढ्यात खालच्या वाडीची एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन आली, टेकली, आणि आमचं संशोधन ऐकून घेतलं.

‘गुरुजी,’ ती मला म्हणाली, ‘ह्ये आमच्या मामंजींचं खळं हाय. मधी मेढ रोवायची. नाचणी मळायचो हितं.’

पोरांचा चेहरा उतरला. ड्रोन पिशवीत गेला. पाच हजार वर्षांसाठी त्यांनी बॅटरी जाळली असती, मामंजींसाठी कोण जाळतो? मला हसू आलं, पण खरा राग नंतर आला. पोरांचा नाही, त्यांनी कापसाच्या कमिशनरानं आणि फिनलंडच्या प्राध्यापकानं केलं तेच केलं, फक्त इंग्रजी कच्चं. राग याचा की ते खळं आहे म्हटल्यावर त्याकडे पाहायचंच कोणाला राहिलं नाही. अरे, तीच तर नायकुंडची भट्टी आहे आमची! या डोंगरात नाचणी, वरी कशी पिकत होती, किती घरांत मिळून एक खळं होतं, मेढीभोवती बैल फिरवायचे की झोडायची, आणि ती मळणी कधी थांबून घरचे तरुण मुंबईला गेले, हे सांगणारी बाई मोळी शेजारी ठेवून समोर बसली होती. तिचं बोलणं रेकॉर्ड करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. ती गेली की ते खळंही जुनापाणीसारखंच मुकं होईल, आणि मग शे-दोनशे वर्षांनी एखादा विद्वान त्यात खुशाल यज्ञ पेटवील.

आम्हाला ही खोड जुनी आहे. महाडजवळ गांधारपाल्याला हमरस्त्यालगत बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालितानं दिलेल्या दानाची नोंद आहे. चैत्यगृह, खोल्या, पाण्याची टाकी, सगळं काय काय दिलं ते कोरून ठेवलंय. इथे नाव आहे, तेही दगडावर. तरी लोक काय म्हणतात? पांडवलेणी. ज्या मयताला नाव नाही त्याला आपण नाव चिकटवतो, आणि ज्याला आहे पण आपल्या सोयीचं नाही, त्याचं पुसतो.

वीरगळांचं तर विचारूच नका. आमच्या भागात गावोगाव देवळाच्या आवारात ते उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कळस, बाजूला चंद्रसूर्य. शिलालेख जवळजवळ कधीच नसतो. कोणासाठी लढला, गाई सोडवताना मेला की वाट राखताना, काही कळत नाही. एवढं कळतं की गावाला त्याची आठवण ठेवावीशी वाटली. एका गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा मी गेलो होतो. वीरगळाला ऑइल पेंट मारला होता. आभाळ निळं, घोडा गुलाबी, वीराला काळ्या मिशा. ज्या चौकटीत शत्रूच्या हातातलं हत्यार नीट दिसायचं तिथे पिवळ्या रंगाचा थर इतका जाड की बोटानं चाचपावं लागत होतं. खाली पेव्हर ब्लॉक, वर पत्र्याची शेड, शेडवर देणगीदाराचं नाव. वर्षभरात पाटीही लागली: हा अमुक घराण्याचा मूळपुरुष. त्याच घराण्याच्या दुसऱ्या भावकीचं म्हणणं, तो आमचा. सातशे-आठशे वर्षं निनावी उभा असलेल्या माणसाला शेवटी वारस मिळाले, तर तेही वाटणीसाठी भांडणारे.

आणि कायदा? भूमिगत धनाचा 1878 चा कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं काही सापडलं तर सरकारला कळवायचं. रायगडावर 2021 मध्ये उत्खननात सोन्याची बांगडी मिळाली तेव्हा सगळ्या वाहिन्यांना पुरातत्त्वाचं प्रेम आलं. बांगडीची किंमत कोणालाही कळते. नायकुंडच्या मळीची किंमत दहा रुपये होईल का? भंगारवाला घेणार नाही. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरला परवानगी, हे ठीक. पण जे संरक्षित यादीत नाही त्याच्यापुढे जेसीबीला अडवायला कोण? नागपूर पसरतंय, लेआउट पडतायत. आमच्याकडे महामार्ग रुंद झाला, 2021 च्या जुलैत तळिये आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, वाड्या उठल्या, पुनर्वसनासाठी जमिनी सपाट झाल्या. माणसं वाचवायची ती वाचवायचीच, त्यात दुमत नाही. पण वाडी सोडताना तिथल्या खळ्याचं, गावदेवीच्या धोंड्यांचं, खिंडीतल्या दगडांच्या राशीचं एक मोजमाप, एक फोटो, एखाद्या आजीचं अर्धा तास बोलणं टिपायला काय खर्च येतो? मुनीमसुद्धा दुकान हलवताना यादी करतो.

म्हणून ज्यांना शिळावर्तुळांचा ‘नवा अर्थ’ लावायची घाई आहे, त्यांना माझं रोखठोक म्हणणं आहे की नवं वर्तुळ उघडू नका. जुनापाणीला 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी चौकट आखून पद्धतशीर खोदकाम केलं. मला त्यातलं मिळतं ते वार्षिक आढाव्यातलं त्रोटक टिपण. डेक्कन कॉलेजनं माहूरझरीला पुन्हा जाऊन खोदलं, छान केलं. तसंच जुन्या पेट्याही पुन्हा उघडा. ब्रिटिश म्युझियमात गेलेल्या वस्तू, नागपूर-पुण्याच्या कोठारांतली खापरं, हाडांचे तुकडे, मळीचे गोळे, ज्यांच्यावर खोदणाऱ्याच्या हातची चिठ्ठी अजून वाचता येते ते आधी वाचा. मडक्यांच्या तळाशी काय चिकटलंय ते आज प्रयोगशाळेत कळतं, दातांवरून माणूस कुठल्या पाण्यावर वाढला ते कळतं. हे देवांना 1970 मध्ये करता येत नव्हतं. भटके की स्थायिक हा वाद ग्रंथांतल्या तळटिपांनी नव्हे, एका दाढेनं मिटू शकतो. पण दाढेवर उद्घाटनाची फीत कापता येत नाही.

आणि वंशाच्या कागदपत्रांचा शोध घेणाऱ्या सर्व पक्षांच्या मंडळींना विनंती की या लोकांना जरा सोडा. ते आर्य नव्हते, द्रविड नव्हते, असं मी म्हणत नाही. ते जे काही होते ते त्यांच्या थडग्यातल्या घोड्यावरून ठरत नाही, एवढंच. माझ्या अंगणातल्या मारुती गाडीवरून मी जपानी ठरत नाही.

बाकी मीही गप्प बसलो नव्हतो. त्या ओसाड वाडीवरचं खळं, शेजारची घरांची जोती आणि खिंडीतली दगडांची रास यांची निदान नोंद व्हावी म्हणून मी नकाशा, मापं आणि फोटो जोडून एका कार्यालयात अर्ज दिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. अर्जात ‘स्मारक कोणाचे’ हा रकाना मी कोरा ठेवला होता, सबब त्रुटीपूर्तता करून अर्ज फेरसादर करावा. मी त्या रकान्यात ‘एका सासऱ्याचे’ असं लिहून अर्ज परत पाठवलाय. अजून पोच आलेली नाही.